कातळावरचा वाटा

मुंबईला गेलेली आंब्याची पेटी कधी परत येत नाही. माणसं येतात. संप झाला, गिरण्यांची दारं बंद पडली, तेव्हा आमच्या वाडीतले बाप्ये एकेक करून वळकट्या घेऊन एसटीतून उतरले. त्यात आमचे हेही होते. पण पेटी गेली की गेली. तिचा आंबा कोण खातो, तिची फळकुटं कोण जाळतो, ते आम्हाला कधी कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. म्हणून त्या चैत्रात पावसच्या नाक्यावर ट्रकवाल्यानं आमचीच पेटी आमच्यापुढे धपकन उतरवली, तेव्हा मला आधी काही उमजेचना.

"दलालानं परत धाडलीन," ट्रकवाला म्हणाला. "उघडून बघा म्हणालाय. आनि पुढल्या खेपेला सुदीक असाच माल निघाला तर म्हनाला, ह्यो छाप पुन्ना ट्रकात चढवू नको."

आमचे हे म्हणजे केरू. गिरणीत कापडाचे सांचे चालवले तरी भोळा तो भोळाच. घरी नेऊन उघडावी ना? तिथंच, सगळ्या बागायतदारांसमोर, पारावर बसून त्यांनी फळी उचकटली. पेंढ्यात आंबे होते ते अर्धे कापलेले. वरून हळदीच्या नवरीसारखे पिवळे, आणि आत बाठ्याभोवती पांढरं, भुसभुशीत, आंबूस. साका. आंब्याला वरून काही होत नाही, डाग नाही की सुरकुती नाही, आणि कापला की आत हे असं.

"केरूनं काय साबुदाणा पेरलान काय ह्या वर्साला?" कोणी तरी म्हणालं. पार हसला. त्यातलाच एक कॅनिंगला माल घेणारा पुढं येऊन म्हणाला, "मला घाल, केरू. रस काढताना कोण बघतो?" आंबा कॅनिंगला घालणं म्हणजे आमच्याकडे लेक उजवायची सोडून वाटेला लावण्यासारखं. ह्यांनी फळी परत ठोकली. हातोडी नव्हती, दगडानं ठोकली. बोटावर बसला, तरी ठोकतच राहिले.

आमच्या पेटीवरचा छाप सासऱ्यांनी पत्रा कापून केलेला. तो नुसता बघून दलाल पेटी न उघडता बोली लावायचा. गिरणी बंद, भात पोटापुरतं, उरला तो हा छाप. तो गेला असता तर आम्ही काय करणार होतो, देव जाणे. त्या दिवशी घाटी चढून सड्यावरच्या, वरच्या कातळमाळावरच्या, आमच्या वाडीत येईपर्यंत पेटी ह्यांच्या डोक्यावर होती.

मथुरावैनी अंगणात कोकमं वाळत घालत होती. तिनं पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं बागेकडे बघितलं.

"अजून राग गेला नाय त्यांचा," ती म्हणाली.

आता कोणाचा राग ते सांगते. ह्यांचे थोरले भाऊ काशीराम, माझे भावजी, मथुरावैनीचा नवरा. मूलबाळ नाही. बाग सगळी त्यांच्या अंगावर. बोलायला मुके, कामाला वाघ. तांबडं फुटायच्या आत कलमावर, आणि ऊन कातळावर यायच्या आत आंबा मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पेंढ्यावर. काठीच्या टोकाला जाळी लावलेला झेला असतो, तो त्यांच्या हातात असा चालायचा की आंब्याला कळायचं नाही आपण झाडावरनं सुटलो. संप झाला त्याच्या आदल्या मोसमात दवानं ओल्या झालेल्या फांदीवरून त्यांचा पाय सरकला. त्या कलमाखाली माती नाही, अंगणाएवढा उघडा कातळ आहे. दुसऱ्या कुठल्याही झाडाखाली पडते तर हात-पाय मोडून वाचते. पावसचा डॉक्टर येईपर्यंत खेळ आटपला होता.

पुढच्या मोसमात पहिला आंबा काढायची वेळ आली तेव्हा वैनी झाडाला हात लावू देईना. धाकू गुरवाला बोलावलं, त्यानं त्या कातळापाशी जागेवाल्यापुढं, बागेच्या राखणदारापुढं, कौल लावलान. कौलात आलं ते असं, की माणूस आंब्यात जीव ठेवून गेलाय, तो गेला नाही, जागेवाल्यापाशी बसलाय. तेव्हा काढलेला सगळा आंबा आधी त्याच्यासमोर मांडा, गाऱ्हाणं होऊ दे, मग न्या.

झालं. त्या दिवसापासून आमच्या बागेतला प्रत्येक आंबा त्या कातळावर. वैनी स्वतः मांडायची, देठ वर करून, रांगेत, जसं जेवायला पानं मांडतात. धाकू सगळ्या गावचा गुरव. सगळी गाऱ्हाणी उरकून तो सड्यावर चढायचा तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असायचा. तोवर आंबा तिथं आणि वैनी आंब्यापाशी. पहिल्या वर्षी थोडा साका निघाला. वैनी म्हणाली, त्यांचं मन भरलं नाही. मग गाऱ्हाणं झाल्यावरही ती आंबा उचलू देईना, कातळावरचं ऊन उतरेपर्यंत ठेवायची. साका वाढला. ह्या वर्षी आमच्या घरच्या अढीत, पेंढ्यात पिकत घातलेला आंबासुद्धा खाण्याजोगा राहिला नव्हता. जेवढा आंबा नासायचा तेवढी ती जास्त मांडायची, जास्त विनवायची.

भर दुपारी बागेत जाऊ नये ही आमच्याकडली शिस्त. ती वेळ न दिसणाऱ्यांची. पण वैनी तिथं बसलेली, तेव्हा तिची पेज घेऊन मला जावंच लागायचं. आता कोण काय म्हणेल ते म्हणो, मी ऐकलं ते ऐकलं. वारा नसताना वर पानात झेला घासल्यासारखं खसखस व्हायचं. एकदा माझ्या पाठीमागं आंबा पडल्याचा आवाज झाला, चांगला धप्प. वळून बघते तर रांगेबाहेर एक आंबा नाही. आणि वैनी बोलत असायची. रडून नव्हे हो. जेवता जेवता बायको नवऱ्याशी बोलते तशी. म्हैस गाभण आहे, केरू आलाय, गडगा पडला तो परत रचायला हवा. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं, आणि मग "बरं" म्हणायची. त्या "बरं"नं माझ्या अंगावर काटा यायचा. मी पेज ठेवून पळायची.

पेटी परत आली त्याच आठवड्यात पूर्णगडात एक मनुष्य हिंडत असल्याचं कळलं. केळशीचा गफूर. बाप मचव्यावरचा खलाशी, हा शिकला, आणि दापोलीच्या विद्यापीठात आंब्याचा अभ्यास करत होता. तो बागायतदारांना विचारत होता, तुमच्याकडे साका निघतो का? आता साका काय आपल्या तोंडानं कोण सांगतो? घरातलं कोड लपवावं तसा लपवतात. जो तो म्हणायचा, आमच्याकडे नाय, त्या पलीकडल्याला विचारा. आणि पलीकडला म्हणायचा, केरूला विचारा. आमच्या ह्यांना लपवायला काही उरलंच नव्हतं. ते जाऊन त्याला घेऊनच आले.

अंगानं काटकुळा, चष्मा, खांद्याला शबनम. मी म्हटलं, ह्याला आधी पेज घाला. ओटीवर बसून तो पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "वैनी, झाडावरनं सुटल्यापासून मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या सुरीखाली जाईपर्यंत आंब्याला वाटेत काय काय सोसावं लागतं, तेवढं मला बघायचंय."

"मग आमच्या बायकांचंच बघा की," मी म्हटलं. "झाडावरनं सुटलेल्यांची काय कमी हाय हितं?"

तो हसला. मथुरावैनी हसली नाही. ती आत निघून गेली.

त्यानं शेवटाकडून सुरुवात केलीन. दलालाकडे साका दिसतो, तर मुंबईकडून मागं मागं यायचं, असं त्याचं म्हणणं. आमची पुढली खेप निघाली तेव्हा हा गडी ट्रकच्या मागं पेट्यांवर बसून गेला. बरोबर डॉक्टरकडे असते तशी, पण सुईसारखी टोकदार नळी, ती आंब्यात खुपसून आतला ताप बघायची. कशेडीच्या घाटात ओकून ओकून अर्धा झाला म्हणे. मचव्यावरच्याचा पोर, दर्यात कधी ओकला नाही तो घाटात ओकला, हे ट्रकवाला पुढं सगळ्या नाक्यांवर सांगत होता.

परत आला तेव्हा डोळे आत गेलेले. पण मोकळ्या हातानं आला नव्हता.

"इंजिनाच्या पाठीला लावलेली पेटी भट्टी होते," त्यानं ह्यांना सांगितलं. "आणि त्याच्या आधी तुम्ही सगळे दुपारपासून पेट्या नाक्यावर उन्हात रचून ठेवता. ट्रक येतो दिवेलागणीला. नारळाच्या झापांचा मांडव घाला. पेट्यांमध्ये बोटभर फट ठेवून लावा, वारा खेळू दे. इंजिनाकडली बाजू मोकळी सोडा."

नाक्यावर कुरकुर झाली. पेट्यांना काय आता पंख्यानं वारा घालायचा, असं तो कॅनिंगवाला म्हणाला. पण झाप फुकटचे, मांडव घातला. पुढल्या खेपेला इतरांचा आंबा खरोखरच सुधारला. ज्यांच्या घरी साका नव्हताच म्हणे, तेच गफूरला बोलावून चहा पाजायला लागले. आमचा मात्र तसाच. दलालाचा निरोप आला, त्यात आता रागसुद्धा नव्हता. एवढाच, की केरूला सांग, आणखी एकदा बघतो ते त्याच्या भावाच्या नावाखातर.

गफूर ओटीवर डोकं धरून बसला. "तुमचा आंबा घरनंच तापलेला निघतो," तो म्हणाला. "पेटीत भरताना मी नळी घातली तेव्हाच तो तापलेला होता. केरूभाऊ, मी शेवटापासून बघत आलो. सुरुवात तेवढी राहिली. काढता कधी? काढल्यावर ठेवता कुठं?"

ह्यांची खाली मान. घरातली गोष्ट परक्यापुढे कशी काढायची? त्यात माणूस मुसलमान, त्यानं काय म्हणावं आमच्या जागेवाल्याला? पण तो बसून राहिला. शेवटी मीच म्हटलं, "उद्या दुपारी पेज पोचवायला जाईन तेव्हा चला माझ्याबरोबर."

वैशाखाचं ऊन. सड्यावर वारा पडलेला, कातळातून वाफ निघताना डोळ्यांना दिसत होती. चपलेतून पाय भाजत होता. कलमाच्या सावलीच्या बाहेर, कातळावर, आंब्यांच्या रांगा. आणि त्यांच्या टोकाला पदर डोक्यावर ओढून मथुरावैनी. तिचा आवाज येत होता. "...त्याला दोष देव नका. त्यो मुंबैत व्हता, त्याला काय ठावक. राग माझ्यावर धरा. एक खेप तेवढी गोड करा."

गफूर जाग्यावर उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी शहाणपणा सांगणार. त्यानं चपला काढल्या, पाय भाजला तशा परत घातल्या. मग रांगेच्या ह्या टोकाला उकिडवा बसून त्यानं तळहात कातळाला लावला आणि झटकन काढला. नळी एका आंब्यात घातली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, आणि परत घातली दुसऱ्यात, जणू पहिल्या वेळी ती खोटं सांगत होती.

"रोज?" त्यानं हळूच विचारलं.

"रोज," मी म्हटलं. "धाकू येईपर्यंत. आनि त्याच्या पुढंही."

वैनीनं मान वळवून आमच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडं बघत होती. तिथं कोणी नव्हतं. मी पेज तिथंच ठेवली. परतताना गफूर माझ्या पुढं झपाझप चालत होता, आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. घाबरला होता तोही, शिकलेला असला म्हणून काय झालं.

संध्याकाळी त्यानं ह्यांना गोठ्यामागं नेऊन सांगितलं. आंबा आतून शिजतोय. झाडावर असतो तेव्हा झाड त्याला गार ठेवतं. सुटला की त्याचं तो बघतो, त्यात खालून तापलेला कातळ. बाठ्याजवळचा गर पिकतच नाही मग, वरची साल पिकते. "पण हा माझा अंदाज आहे," तो म्हणाला. "अंदाजावर मी कोणाच्या घरातला नेम मोडायला सांगणार नाही. मला एका झाडाचा आंबा द्या. अर्धा काढल्याबरोबर मांगरात. अर्धा वैनींना द्या, नेहमीसारखा मांडू दे. दोन्ही एकाच अढीत पिकवू. मग कापून बघू."

"तिला न सांगता?" हे म्हणाले. "काशीदादाला न दाखवता?"

"त्याच झाडाचा पाहिजे," गफूर म्हणाला. "ते पडले त्या कलमाचा. नाहीतर कोणीही म्हणेल, झाड वेगळं होतं."

हे रात्री जेवले नाहीत. पहाटे मात्र कलमावर चढले. मी खाली होते. अर्धा आंबा टोपलीत पानांवर घेऊन मी मांगराकडं चालले तेव्हा मागून कोणी तरी येतंय असं वाटत होतं, अगदी पावलागणिक. मी वळून बघितलं नाही. मनात म्हणत होते, भावजी, काय करायचं ते मला करा, ह्यांना नको. गफूरनं मांगरातल्या आंब्यांच्या देठापाशी निळी टिकली लावली, आणि आम्ही तिघं चोरासारखे बाहेर आलो.

वैनीला फसवणं सोपं नाही. दुपारी पेज घेऊन गेले तर ती रांगेपाशी उभी होती.

"आज रांग आखूड," ती म्हणाली. "बाकीचा कुठाय?"

मी "कमी निघाला" म्हणाले. तिनं कलमाकडं बघितलं, मांगराकडं बघितलं, आणि चालू लागली. पेंढा उचकून तिनं निळ्या टिकलीचा आंबा वर काढला.

"त्यांच्या ताटातला घास काढून हितं लपवलात? तुमी? घरच्या मान्सांनी?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता काय उरला सांग. आता तर ते हात पन लावनार नायत आंब्याला."

आमचे हे धावत आले ते तिच्या पायाशीच बसले. गफूर दाराबाहेर उभा. आणि मी, मी तोंडाळ बाई, माझा तोल गेला. कितीदा तरी पेज घेऊन त्या उन्हात गेलेली, कितीदा तरी तो न बोलणाऱ्याचा आवाज ऐकलेली मी.

"वैनी," मी म्हटलं, "भावजी जिते होते तेव्हा एक आंबा तरी त्यांनी उन्हात राहू दिलान? एक तरी? ऊन यायच्या आत मांगरात आला नाय तर माझ्यावर डोळे काढायचे. आनि आता मेल्यावर त्यांना आंबा भाजून हवा झाला?"

वैनी माझ्याकडं बघत राहिली. "तेव्हा त्यांना हात व्हते गो," ती म्हणाली. "आता मी मांडते तेवढाच त्यांचा."

तिच्या हातातला आंबा घेऊन मी परत पेंढ्यात ठेवला.

हे धाकू गुरवाकडे गेले. मला वाटलं तो शापबीप देईल. धाकू पडवीत पाय चोळत बसला होता. सगळं ऐकून म्हणाला, "कौल मी लावला, ता खरा. पन आंबा सूर्यावर ठेवा असा देवानं कुठं सांगितलान? दाखवा म्हणाला. मला यायला दुपार व्हते ती माझ्या गुडघ्यांमुळं, देवामुळं नाय. गाऱ्हाणं काय, मी पहाटेचा पन घालीन. माझ्या चढणीची सोय करा."

हे आम्ही वैनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तेच ते "बरं". त्याच्या पुढं नाही, मागं नाही. अढी मात्र तिनं मोडू दिली नाही. दोन्ही आंबे एकमेकांशेजारी माजघरात पिकत पडले. मी रोज रात्री दार लावताना तिकडं बघायचं टाळायची. घरात वास सुटला, गोड, आणि त्या गोडाखाली आंबूस. कुठला कुठल्याचा ते कळत नव्हतं.

पिकला तेव्हा गफूरला बोलावलं. त्यानं सुरी काढली, पण वैनीनं ती त्याच्या हातून घेतली.

"मी कापनार," ती म्हणाली.

ओटीवर बसून तिनं पहिला टिकली नसलेला घेतला. सुरी बाठ्यापर्यंत गेली, फोड उलटली. पांढरं. दुसरा. पांढरं, आणि मध्ये पोकळ. तिसरा तसाच. ती एकेक फोड आपल्या उजव्या बाजूला मांडत गेली. मग तिनं निळ्या टिकलीचा घेतला. ह्या वेळी सुरी अडखळली. फोड उघडली ती केशरी, बाठ्यापर्यंत केशरी, रस मनगटावरून ओघळला. तिनं दुसरा कापला. केशरी. तिसऱ्याला थोडा डाग निघाला तेव्हा गफूर लगेच म्हणाला, "सगळाच जाणार नाही वैनी. थोडा साका राहणारच, त्याचं कारण अजून आम्हालाही कळलेलं नाही." लबाडी करणारा माणूस नव्हता तो.

वैनी दोन्ही बाजूंच्या फोडींकडं बघत होती. हे रडत होते, उघड उघड, मिशीतून.

"बाबा," तिनं गफूरला विचारलं, "त्यांचा राग असता तर तो ह्या निळ्या टिकलीवाल्यांना जास्त लागायला हवा व्हता ना? ह्यांनाच तर आमी लपवलेला."

गफूरनं चष्मा काढून पुसला. "मी आंब्याचं सांगू शकतो, वैनी," तो म्हणाला. "माणसाचं मला नाही ठाऊक. आमच्या घरचे दोघं मचव्यासकट बुडाले. माझी आई अजून वल्ह्याचा आवाज ऐकते. मी तिला कधी सांगितलं नाही की तो आवाज कसला आहे."

त्यानंतरची खेप, शेवटची, वैनीच्या देखरेखीखाली गेली. तिनंच ह्यांना अंधारात उठवलं, तिनंच टोपल्यांत पानं घातली. धाकूला ह्यांनी पाठीवर घेऊन सडा चढवला आणि तो वर बसून हसत होता. गाऱ्हाणं झालं तेव्हा कातळ गार होता, मी हात लावून बघितला. आंबा मांगरात, मांगरातून मांडवात, मांडवातून ट्रकात. गफूर परत पेट्यांवर बसून गेला. ह्या खेपेला मी त्याला घाटासाठी आवळकाठी दिली.

निरोप घेऊन तोच आला. नाक्यावरून पळतच आला असावा. दलालानं पेट्या उघडल्या, एकेक करून आंबा कापला, शेवटी सुरी बाजूला ठेवलीन आणि छापाकडं बोट दाखवून म्हणाला, काशीरामाचा हात परत आला. पुढल्या मोसमाला असेल तेवढा सगळा माल धाड. ह्यांनी गफूरला उचललाच. वाडीत बातमी गेली. शेजारची मैना आणि बाकीच्या बायका साखर मागायला आल्या. मी डबा काढायला आत गेले आणि बघते तर वैनी नाही.

भर दुपार होती. मी बागेत धावले.

ती कातळापाशी उभी होती, आपल्या नेहमीच्या जागी. कातळावर एकही आंबा नव्हता. नुसता काळा दगड आणि त्यावरची वाफ. ती बोलत नव्हती. मान थोडी वाकडी करून ऐकत होती. मीही ऐकलं, कसं तरी करून, श्वास धरून. पानं हलत नव्हती. काहीच नव्हतं हो तिथं. इतकी वर्षं मी त्या बागेतून पळत आले, पण त्या दिवशी वाटली तेवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

"जनी," ती म्हणाली, "कोन नाय गो हितं."

मी तिचा दंड धरला.

"राग नव्हताच त्यांचा. ऊन व्हता. नुसता ऊन." ती माझ्याकडं वळली. "मग मी बोलत व्हते ती कोनाशी? म्हैस, गडगा, सगळा मी कोनाला सांगत व्हते गो? राग व्हता तवर कोनतरी रागावनारा व्हता ना."

आणि ती खाली बसली. भावजी गेले तेव्हाही ती रडली होती, पण मुंबईला निघालेल्या माणसासाठी रडावं तशी. हे रडणं वेगळं होतं. पोटातून आलं, कपाळ दगडावर आपटून घेत आलं, माझ्या दोन हातांना ती आवरेना. गफूर गडग्याबाहेर येऊन थांबला आणि तिथंच मान खाली घालून उभा राहिला.

वाडीतल्या बायका धावत आल्या. हातात साखर तशीच.

"काय झाला? कोन गेला गो?" मैनेनं विचारलं.

"आमचे काशीरामभावजी गेले," मी म्हटलं.

मैनेनं साखर पदराला बांधली, वैनीला ओढून सावलीत घेतली, आणि सगळ्या तिच्याभोवती खाली बसल्या.